दाराला कुलूप, माळ्यावरून वाट
वाचकांचे प्रश्न : सर्व्हर रूमची राखण

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती वाढल्या, तशी दारं, कॅमेरे आणि पहाऱ्याच्या माणसांची मागणीही वाढली. पेमेंटची माहिती भारतातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला सांगितलं. पुढे एआयसाठी लागणारे महागडे जीपीयू सर्व्हर आले. चोराला उचलून नेण्याजोगं आत बरंच काही साठलं. पण मराठवाड्यातून आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रं या मोठ्या इमारतींबद्दल नाहीत. बँक, रुग्णालय, कारखाना यांच्या मागच्या बाजूला जी एक खोली असते, तिच्याबद्दल आहेत.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात १० बाय १२ ची सर्व्हर रूम आहे. ॲल्युमिनियमचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग, काचेचं दार, त्यावर अंगठ्याचं मशीन. ऑडिटरने ‘फिजिकल सिक्युरिटी अपुरी’ असा शेरा मारलाय. संचालक म्हणतात, आणखी चार कॅमेरे लावून टाका. पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करावी? (आयटी अधिकारी, लातूर)

कॅमेरे नंतर. आधी शिडी लावून फॉल्स सीलिंगची एक टाईल उचला आणि आत टॉर्च मारा. पार्टिशन सीलिंगपाशीच संपलेलं असेल (बहुतेक ठिकाणी तसंच असतं), तर वरच्या फूट-दीड फुटाच्या पोकळीतून शेजारच्या स्टेशनरीच्या खोलीतला माणूस थेट तुमच्या रॅकवर, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या कपाटावर, उतरतो. बाहेर जाताना तो आतलं एक्झिट बटण दाबतो आणि सर्व्हर घेऊन दारातून निघतो. अंगठ्याच्या मशीनला यातलं काहीच कळत नाही. मोठ्या ठिकाणीही हे घडलंय. २००७ साली शिकागोतल्या एका डेटा सेंटरमध्ये चोरांनी दाराच्या नादी न लागता भिंतच यंत्राने कापली होती.

राखणीचं सगळं गणित मिनिटांचं असतं. अलार्म वाजल्यापासून कोणीतरी तिथे पोचेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ दाराने आणि भिंतीने तग धरायला हवा. रात्री २ वाजता अलार्मचा फोन कोणाला जातो, तो उचलला जातो का, आणि त्या माणसाला गाडी काढून यायला किती वेळ लागतो, हे एकदा खरोखर घड्याळ लावून बघा. १५ मिनिटं लागत असतील, तर काही सेकंदांत फुटणाऱ्या काचेच्या दाराचा उपयोग नाही. चार कॅमेऱ्यांनी त्या १५ मिनिटांतलं एकही मिनिट कमी होत नाही. चोरीचं चित्रण मात्र चार बाजूंनी मिळतं.

म्हणून पैसे या क्रमाने घाला. पहिल्यांदा पार्टिशनच्या जागी स्लॅबपर्यंत विटांची किंवा एएसी ब्लॉकची भिंत घ्या. जागा भाड्याची असेल आणि मालक ऐकत नसेल, तर सिमेंट बोर्डाच्या दोन थरांमध्ये वेल्डमेश जाळी घालून ती वर स्लॅबला आणि खाली फरशीला अँकर बोल्टने धरा. एसीच्या डक्टचं भोक ६ इंचांहून मोठं असेल तर त्यात सळ्या बसवा. मग दार. दोन तासांच्या फायर रेटिंगचं स्टीलचं दार, डोअर क्लोजरसह. चौकट भिंतीत धरलेली हवी, ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रू मारून चालणार नाही. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर येतात आणि त्यांची पिन ठोकून काढता येते, म्हणून बिजागरीच्या बाजूला डॉग बोल्ट बसवून घ्या. दार मिटलं की हे बोल्ट चौकटीत शिरतात. पिन काढली तरी दार हलत नाही.

एवढं झाल्यावर दोनच कॅमेरे लावा, एक दाराबाहेर आणि एक आत. शिवाय रॅकची किल्ली तपासा. बाजारात मिळणाऱ्या रॅकची कुलपं बहुतेकदा एकाच नंबरच्या किल्लीने उघडतात. शेजारच्या दुकानातल्या रॅकची किल्ली तुमच्या रॅकला लागली, तर दोन्हीकडची कुलपं बदला.

प्रश्न : ६०० पौंडांचा ईएम लॉक (विजेच्या चुंबकाने दार धरणारा) बसवून दिला. ग्राहकाने खांदा मारला आणि दार उघडलं. माल डुप्लिकेट आहे का? शिवाय लाईट जास्त वेळ गेली की दार उघडंच राहतं, अशीही तक्रार आहे. (कॅमेरे व लॉक बसवणारा, बीड)

डुप्लिकेट असेलही. पण त्याआधी चार गोष्टी बघा, दोष बहुतेकदा बसवण्यातच सापडतो.

दारावरची लोखंडी पट्टी, म्हणजे आर्मेचर प्लेट, आधी हलवून बघा. ती किंचित डुलली पाहिजे. मधल्या बोल्टखाली रबरी वॉशर असतो तो याचसाठी. वॉशर न घालता किंवा बोल्ट करकचून आवळून प्लेट घट्ट केली, की ती लॉकच्या तोंडाला सपाट टेकत नाही, एका कडेला फट राहते. कागदाएवढ्या फटीनेही पकड झपाट्याने घटते. रंगाचा थर, ग्रीस, धूळ यांनीही हेच होतं, म्हणून दोन्ही तोंडं सुक्या फडक्याने पुसा.

मग जंपर, म्हणजे व्होल्टेज निवडायची छोटी पिन. बरेच लॉक १२ आणि २४ अशा दोन्ही व्होल्टेजवर चालतात. जंपर २४ वर आणि सप्लाय १२ चा असेल, तर लॉक चिकटल्यासारखा वाटतो पण जोर नसतो. तिसरी गोष्ट वायर. १२ व्होल्टवर हा लॉक साधारण अर्धा अँपिअर घेतो. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. लॉकच्या टर्मिनलवर मीटर लावा. १२ च्या जागी १०.८ दिसले तर वायर १.५ ची करा, किंवा सप्लाय दाराजवळ, पण आतल्या बाजूला आणा. चौथी गोष्ट डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग. लॉक सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो आणि कंट्रोलरच्या (दार सोडायचं की नाही ठरवणाऱ्या पेटीच्या) रिलेचे, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात. लॉकमध्ये आतूनच बंदोबस्त नसेल तर टर्मिनलवर १एन४००७ डायोड उलटा जोडा, पट्टीची बाजू प्लसला.

एवढं करूनही ६०० पौंड म्हणजे सुमारे २७२ किलो, तेही सावकाश ओढलं तर. धावत येऊन मारलेल्या धक्क्याचं गणित वेगळं असतं. सर्व्हर रूमला १२०० पौंडांचाच लॉक द्या. ६०० चा ऑफिसातली ये-जा आवरायला ठीक आहे.

आता लाईटचं. ईएम लॉकचा स्वभावच असा आहे की वीज गेली की तो सोडतो, कारण आतला माणूस आगीत अडकता कामा नये. त्याच कारणाने आत हिरवं ब्रेक-ग्लास बटण हवं आणि त्याने लॉकची वायर थेट तुटली पाहिजे. सॉफ्टवेअरला विचारून दार सोडणारं बटण इथे धोक्याचं. फायर अलार्मचा रिलेही याच वायरीत घ्या.

सप्लायमधली ७ अँपिअर-अवरची बॅटरी, लॉक आणि कंट्रोलर मिळून ०.८ अँपिअर धरले, तर नवी असताना सात-एक तास चालते. पण सप्लायचा डबा फॉल्स सीलिंगच्या वर ठोकलेला असेल, तर मे महिन्यात तिथे बॅटरी भाजून निघते. या बॅटऱ्या २५ अंशांसाठी बनवलेल्या असतात, त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. डबा एसीच्या खोलीत खाली आणा, दर सहा महिन्यांनी मेन बंद करून किती तास दार धरलं जातं ते लिहून ठेवा, आणि दोन वर्षांनी बॅटरी बदला.

रात्रभर वीज जाण्याची सवय असलेल्या गावात आम्ही ईएम लॉकऐवजी वीज गेल्यावर बाहेरून बंद राहणारा आणि आतून साध्या हँडलने उघडणारा इलेक्ट्रिक लॉक सुचवू. त्याची खरी किल्ली मोहरबंद पाकिटात तिजोरीत ठेवा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जगभरचं नेटवर्क बसलं, तेव्हा आपल्याच डेटा सेंटरमध्ये शिरायला इंजिनिअरांना जास्त वेळ लागला, हे कंपनीनेच नंतर सांगितलं. किल्लीचा हट्ट त्यासाठी.

प्रश्न : वाळूजच्या आमच्या कारखान्यात सर्व्हर रूमला कार्ड आणि अंगठा दोन्ही चालणारं मशीन आहे. वायरमन म्हणतो, हे मशीन भिंतीवरून काढलं तर दार उघडता येतं. खरं आहे का? आणि कार्डाची नक्कल होते म्हणतात, ते? (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही खरं. तुमचा वायरमन हुशार आहे, त्याला धरून ठेवा.

स्वस्त मशीनमध्ये अंगठा ओळखणारा भाग आणि लॉक सोडणारा रिले एकाच डब्यात असतो, आणि तो डबा दाराबाहेर असतो. म्हणजे कुलपाच्या वायरी चोराच्या बाजूला आल्या. स्क्रू ड्रायव्हर असलेल्या कोणालाही ते दार उघडं आहे. उपाय जुना आणि सरळ आहे. बाहेर फक्त रीडर ठेवायचा आणि निर्णय घेणारा कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत. मशीन बदलायचं नसेल तर त्याच कंपनीचा सिक्युअर रिले बॉक्स मिळतो का बघा, तो आत बसतो आणि मशीनकडून सांकेतिक आज्ञा आली तरच लॉक सोडतो. मशीन उघडलं की कळवणारा टॅम्पर स्विच बऱ्याच ठिकाणी जोडलेलाच नसतो. तो सायरनला जोडा.

कार्डाचं म्हणाल, तर जाडसर पांढरी १२५ किलोहर्ट्झची कार्डं फक्त एक नंबर ओरडून सांगतात, कोणीही ऐकावा. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांत मायफेअर क्लासिकचं कुलूप २००८ सालीच फुटलं. नवी कार्डं घेताना डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ असं बिलावर लिहून घ्या. रीडर ते कंट्रोलर ही वायर विगँड पद्धतीची असेल तर तिच्यातून नंबर उघडाच जातो. ओएसडीपी पद्धत सिक्युअर चॅनल चालू करून वापरा. हे चालू करणं राहून जातं आणि पैसे फुकट जातात.

अंगठ्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. रेशनच्या दुकानात ज्यांचा ठसा उमटत नाही, त्यांचा इथेही उमटत नाही, आणि मग दाराला वीट लावून ठेवली जाते. कार्ड आणि पिन ही जोडी सर्व्हर रूमला पुरते. दार ३० सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर बझर वाजेल अशी सेटिंग करा. विटेचा बंदोबस्त तेवढ्याने होतो.

आत हालचाल दिसली की दार सोडणारा सेन्सर बसवला असेल तर काढून टाका. दाराखालून सरकवलेल्या एखाद्या वस्तूनेही तो फसतो. साधं बटण बरं.

प्रश्न : रुग्णालयाच्या सर्व्हर रूमसाठी आणि भोवतीसाठी ८ कॅमेरे घेतोय. ९० दिवसांचं रेकॉर्डिंग हवं. विक्रेता ८ टीबीची एक हार्ड डिस्क पुरे म्हणतो. पुरेल का? (नांदेड)

नाही पुरणार. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (चित्रण आटोपशीर साठवण्याची पद्धत) २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, सतत चालवला तर दिवसाला २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८ जीबी, ९० दिवसांचे साडेपंधरा टीबी. ४ एमबीपीएस ठेवलं तर बरोबर दुप्पट. २ एमबीपीएससाठी चार डिस्क बसतील असा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) घ्या आणि ८ टीबीच्या चार डिस्क रेड-५ या एकत्र जोडण्याच्या पद्धतीने लावा. वापरायला २४ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी रेकॉर्डिंग राहतं. डिस्क सर्व्हेलन्सच्या कामाचीच हवी, संगणकातली काढून बसवू नका.

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा, असं सांगून विक्रेता एका डिस्कचं गणित जुळवत असेल. सर्व्हर रूममध्ये ते फसतं. सर्व्हरचे शेकडो दिवे रात्रभर लुकलुकत असतात, कॅमेऱ्याला ती हालचालच वाटते. तो भाग सेटिंगमध्ये झाकला तरच मोशन रेकॉर्डिंगचा फायदा होतो.

जागा निवडताना एक आकडा लक्षात ठेवा. अनोळखी माणसाची ओळख पटायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे १० मीटरपेक्षा रुंद दृश्य एका कॅमेऱ्यात घेतलं तर चोर दिसेल, पण कोण ते कळणार नाही. दाराचा कॅमेरा छतावर नको, टोपीच दिसते. चेहऱ्याच्या उंचीच्या थोडा वर, समोरून उजेड येणार नाही असा लावा. रॅकच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजू दिसायला हव्यात, कारण वायरी मागून काढतात.

एनव्हीआर त्याच रॅकमध्ये ठेवू नका, चोर तोही नेतो. घड्याळं जुळवा. दाराच्या नोंदीत ११.०५ आणि कॅमेऱ्यात ११.१२ असेल तर दोन्ही पुरावे एकमेकांना खोटं पाडतात. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी यंत्रणा जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. दाराच्या नोंदीही त्याच मुदतीने ठेवणं शहाणपणाचं. आणि ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या सरकारी निकषांची चाचणी लागते. विक्रेत्याकडे मॉडेल नंबरसकट प्रमाणपत्र मागा. ‘येईल दोन दिवसांत’ म्हणाला तर दोन दिवसांनी घ्या.

प्रश्न : ‘टियर-३’ डेटा सेंटरमध्ये आमचा सर्व्हर ठेवला तर चोरीपासून सुरक्षित समजायचा का? (हिंगोली)

नाही. अपटाइम इन्स्टिट्यूटची टियर ही वीज आणि थंडावा बंद न पडता मिळण्याची प्रतवारी आहे. कुलूप-पहाऱ्यासाठी आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचं २०२२ च्या आवृत्तीचं प्रमाणपत्र बघा. त्यात प्रत्यक्ष सुरक्षेच्या १४ बाबी आहेत. प्रमाणपत्राच्या ‘स्कोप’मध्ये तुमचा सर्व्हर जिथे राहणार त्याच इमारतीचा पत्ता आहे का, ते वाचा.

प्रश्न : आमच्या ट्रस्टच्या कॉलेजात चोरी कधी झाली नाही, पण उंदरांनी दोनदा फायबर कुरतडली आणि जनरेटरचं डिझेल कमी भरतं. हेही फिजिकल सिक्युरिटीत येतं का? (परभणी)

येतं, आणि आपल्याकडे जास्त येतं. केबल शिरते ती भोकं फोमने बुजवू नका, उंदीर फोम खातो. स्टीलची जाळी कोंबून वरून फायर सीलंट मारा, म्हणजे आगीचा धूरही अडतो. दाराखालची फट ६ मिलिमीटरच्या आत आणा. खोलीत डबे उघडायला बंदी घाला, तिथे जेवण झालं की उंदीर येणारच.

डिझेलच्या टाकीच्या झाकणाला आणि तळाच्या ड्रेन प्लगलाही कुलूप हवं. झाकणाला असतं, प्लगला नसतं, आणि डिझेल खालूनच जातं. आवर मीटर (जनरेटर किती तास चालला ते दाखवणारा) आणि टाकीची पातळी एकाच वहीत, एकाच वेळी लिहा. तासाला किती लिटर लागतं हे महिन्याभरात कळतं, मग फरक आपोआप दिसतो. बाहेरच्या एसी युनिटची तांब्याची पाइप पत्र्याच्या ट्रेने झाका. ती कापली की चोराला चार पैसे मिळतात आणि तुमचा सर्व्हर तापून बसतो.

प्रश्न : बारावी झालोय. नवी मुंबईत डेटा सेंटरला सिक्युरिटीत नोकरी आहे, असं एजंट सांगतोय. काम काय असतं? काय बघून जावं? (जालना)

भाऊ, एजंटला नोकरीसाठी पैसे देऊ नका, हे आधी. सुरक्षा एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाच्या २००५ च्या ‘पसारा’ कायद्याचा परवाना लागतो, त्याचा नंबर मागा. त्या कायद्याने गार्डचं वय १८ ते ६५ हवं, चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण हवं. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर असं प्रशिक्षण आहे. ‘सर्टिफिकेट लगेच देतो’ म्हणणारा खोटं बोलतोय.

काम गेटवर सलाम ठोकण्याचं नसतं. मॅनट्रॅप नावाची दोन दारांची छोटी खोली असते, पहिलं दार मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. एका कार्डावर एकच माणूस आत जातो की नाही, हे तुम्ही बघायचं. साहेबाच्या मागून घुसणाऱ्याला अडवायचं, आणि कार्ड विसरलेल्या साहेबालाही. वर्क परमिटवरचं नाव, ओळखपत्र आणि वेळ ताडायची. लॅपटॉप आणि हार्ड डिस्कचे सीरियल नंबर गेटपासशी अक्षरन् अक्षर जुळवायचे. एक डिस्क आत गेली तर खराब झालेली एक बाहेर येते की आतच नष्ट होते, ते लिहायचं. म्हणून इंग्रजी अक्षरं आणि आकडे न चुकता लिहिण्याची सवय आत्तापासून करा. वही नीट लिहिणारा पोरगा काही दिवसांत कंट्रोल रूमला घेतला जातो.

ड्युटी किती तासांची, तेही विचारा. २४ तासांच्या एका जागेला आठवड्यात ८ तासांच्या २१ पाळ्या लागतात. माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं, रजा धरून चार. दोनच माणसांवर जागा चालवणारी एजन्सी १२ तास, तेही सुट्टीशिवाय, काम करून घेते. तिकडे जाऊ नका. आणि राहायची सोय ‘करतो’ म्हणाले तर खोली आधी बघा.

प्रश्न : जुना सर्व्हर भंगारात देतोय. फॉरमॅट मारला आहे. पुरे? (पतसंस्था, धाराशिव)

पुरे नाही. साध्या फॉरमॅटने खातेदारांची माहिती डिस्कवरच राहते. डिस्क काढून घ्या आणि सर्व्हर डिस्कशिवाय द्या. फिरत्या चकत्यांची डिस्क डीगॉसरने (तीव्र चुंबकाने माहिती पुसणाऱ्या यंत्राने) निकामी होते, किंवा ड्रिलने चकत्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडा. एसएसडीवर (चकत्यांऐवजी चिप असलेल्या डिस्कवर) डीगॉसर चालतच नाही, तिच्यात माहिती चुंबकीय पद्धतीने साठत नाही. तिचा आतला काळा चिप न् चिप फोडायला हवा, एखादा राहिला तर त्यातलं वाचता येतं. रेड कार्डवरची (डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डावरची) बॅटरी आणि सर्व्हरच्या आत लपलेली एसडी कार्ड किंवा छोटी एम.२ डिस्कही बघा, ती हमखास विसरते. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या असा पंचनामा करा. उरलेला डबा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्याच्याकडून पावती घेऊन ती पंचनाम्यालाच टाचा.